हॅरीच्या डोक्याबाहेर

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मघाशी परिचय करून देताना मला ‘हॅरी पॉटरच्या अभ्यासक’ म्हटलं गेलं. तसं काही नाही. मी कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि वीसेक वर्षं आमच्या हौशी नाट्यसंस्थेत प्रॉम्प्टिंग करते. म्हणजे राज्य नाट्य स्पर्धेत विंगेत बॅटरी घेऊन जी बाई वही धरून बसलेली असते, ती मी. आजचं बोलणं अभ्यासकाचं कमी आणि त्या विंगेतल्या बाईचं जास्त आहे.

विषय तुम्हाला माहीत आहे. सात पुस्तकं झाली, गोष्ट संपली, आपण मोठे झालो, आणि एक दिवस त्या गोष्टीचा पुढचा भाग आला. पण कादंबरी म्हणून नाही, नाटक म्हणून. ‘हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड’. पहिलं पुस्तक २६ जून १९९७ चं, सातवं २१ जुलै २००७ चं. मग नऊ वर्षं काही नाही, आणि ३० जुलै २०१६ ला लंडनच्या पॅलेस थिएटरात या नाटकाचा रीतसर शुभारंभ. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला, संहिता पुस्तकरूपात दुकानात. ३१ जुलै हा हॅरीचा वाढदिवस आणि लेखिका जे. के. रोलिंग यांचाही. तारीख कशी निवडली असेल हे सांगायला नको.

तो रविवार होता. मी सकाळीच पुस्तक आणलं आणि रात्री नऊच्या सुमारास मिटलं. मिटल्यावर नवऱ्याला म्हणाले, “फसवलं रे आपल्याला.” तेव्हा माझा मुलगा सहा वर्षांचा होता, बाजूला पसरून झोपला होता. मी ते पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर, जिथे आपण लग्नात आलेले पण न वापरलेले डिनरसेट ठेवतो, तिथे ठेवून दिलं. सात वर्षं ते तिथेच होतं.

मी एकटीच अशी होते असं नाही. ब्रिटनमध्ये पहिल्या तीन दिवसांत ६ लाख ८० हजार प्रती खपल्या, आणि त्या घेतलेल्या कितीतरी लोकांची तक्रार हीच होती की हे ‘पुस्तक’ नाही. उघडावं तर नाव, पुढे संवाद, मध्ये कंसात सूचना. तिकडच्या कित्येक वाचकांनी शाळेतला शेक्सपियर सोडला तर आयुष्यात नाटक वाचलंच नव्हतं. ही तक्रार मात्र मला कळली नाही. आपल्याकडे नाटक वाचायची सवय जुनी आहे. ज्या गावात प्रयोग कधी गेला नाही, तिथल्या वाचनालयातही नाटकांचं कपाट असतं आणि पानं मळून गेलेली असतात. कंसातल्या सूचनांना मी घाबरणारी बाई नव्हे. माझं दुखणं दुसरंच होतं, आणि ते मला नेमकं सांगता येत नव्हतं. मला फक्त वाटत होतं, हा आपला हॅरी नाही.

आता गोष्ट थोडक्यात सांगते. लंडनला या नाटकाच्या प्रेक्षकांना ‘गुपित राखा’ असा बिल्ला द्यायचे. मी आज सगळी गुपितं फोडणार आहे, ज्यांना नको असेल त्यांनी चहाला जावं.

सातव्या पुस्तकाच्या शेवटी एकोणीस वर्षांनंतरचा प्रसंग आहे. किंग्ज क्रॉस स्टेशन, पावणेदहा नंबरचा फलाट, हॅरी मुलांना शाळेच्या गाडीत बसवायला आलाय. धाकटा मुलगा अल्बस घाबरलाय, मला शाळेतल्या त्या बदनाम स्लिदरिन गटात टाकलं तर? नाटक तिथूनच उघडतं. कथेतली ती तारीख १ सप्टेंबर २०१७, म्हणजे शुभारंभाच्या वेळी ती अजून उजाडायचीच होती. आणि अल्बसला खरंच स्लिदरिन मिळतं. त्याची मैत्री जमते ती हॅरीचा शाळेतला वैरी ड्रॅको मॅलफॉय याच्या मुलाशी, स्कॉर्पियसशी. हॅरी आता जादू मंत्रालयात बडा अधिकारी, टेबलावर फायलींचा ढीग. मैत्रीण हर्मायनी थेट जादूमंत्री. तिचा नवरा आणि हॅरीचा मित्र रॉन गंमतीच्या वस्तूंचं दुकान चालवतोय. बाप-लेकाचं पटत नाही. मग म्हातारा एमॉस डिगरी येतो. चौथ्या पुस्तकात ज्याचा हकनाक बळी गेला त्या सेड्रिकचा हा बाप. त्याचं मागणं एकच, काळात मागे जा आणि माझा मुलगा परत आण. हॅरी नकार देतो. अल्बस दाराआडून ऐकतो आणि ठरवतो की बापानं केलेली चूक मी दुरुस्त करीन. मंत्रालयातून काळात मागे नेणारं यंत्र, टाइम टर्नर, चोरलं जातं, आणि पोरं १९९४ सालात जाऊन जे हात घालायला नको तिथे हात घालतात. पुढे काय काय होतं ते ओघात येईलच.

संहिता लिहिली आहे जॅक थॉर्न यांनी. मूळ कथा रोलिंग, थॉर्न आणि दिग्दर्शक जॉन टिफनी या तिघांची. पण मुखपृष्ठावर सगळ्यांत आधी नाव रोलिंगबाईंचंच होतं, त्यामुळे लोकांनी पुस्तक घेतलं त्यांचं म्हणून आणि वाचलं थॉर्नचं. निम्मा राग तिथला असावा. रोलिंग यांना आधीच विचारलं गेलं होतं की कादंबरी का नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की प्रेक्षक नाटक पाहतील तेव्हा त्यांना पटेल, या गोष्टीला हेच माध्यम योग्य. मला ती जाहिरातबाजी वाटली होती. नाटक पाहिल्यावर वाटलं, बाई बरोबर बोलत होत्या, फक्त कारण त्यांनी सांगितलं नाही. ते कारण मी आज माझ्या बुद्धीप्रमाणे सांगते.

सातही पुस्तकं आठवा. आपण कुठे बसलेलो असतो? हॅरीच्या डोक्यात. निवेदन ‘तो’ असं आहे, ‘मी’ असं नाही, पण जे हॅरीला दिसतं तेच आपल्याला दिसतं, जे त्याला ऐकू येतं तेच आपल्याला. अपवाद हातावर मोजण्याइतके. पहिल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण, चौथ्याच्या सुरुवातीचा तो म्हातारा माळी, सहाव्याची पहिली दोन प्रकरणं, सातव्याचं पहिलं. बाकी हजारो पानं आपण त्या चष्म्याच्या आतून जग पाहतो. हॅरी चिडला की आपल्याला कारण ठाऊक असतं. तो पाचव्या पुस्तकात सगळ्यांवर डाफरतो, मित्रांना घालूनपाडून बोलतो, आणि आपण म्हणतो, बिचारा! रॉनला कसं वाटत असेल हे आपण विचारत नाही, कारण रॉनच्या डोक्यात आपल्याला खुर्ची नाही.

नाटकात कोणाच्याच डोक्यात खुर्ची नसते. स्वगत असलं तरी ते बोललेलं असतं, म्हणजे बाहेरच आलेलं असतं. रंगमंचावर माणूस फक्त बाहेरून दिसतो, जसा तो घरच्यांना दिसतो. एकदा का गोष्ट नाटकात नेली की हॅरीच्या डोक्यातून आपली उचलबांगडी झालीच. आणि मग आपण पहिल्यांदा त्याला पाहतो. चाळिशीकडे झुकलेला, दमलेला, चिडका, पोरावर प्रेम असलेला पण ते नेमकं चुकीच्या वेळी चुकीच्या शब्दांत काढणारा गृहस्थ. ‘हा आपला हॅरी नाही’ असं मला वाटलं ते खरंच होतं. आपला हॅरी आपण कधी बाहेरून पाहिलेलाच नव्हता.

या नाटकातला सगळ्यांत बोचरा प्रसंग पाहा. अल्बसचं शाळेतलं चौथं वर्ष सुरू होण्याची आदली रात्र. हॅरी मोठ्या मुलाला अदृश्य करणारा झगा देतो, मुलीला, लिलीला, परीचे पंख, आणि अल्बसला एक जुनं दुपटं. बाळ असताना हॅरीला आईवडिलांच्या घरातून उचलून आणलं तेव्हा ज्यात गुंडाळलेलं होतं, ते. हॅरीच्या लेखी याहून मोलाची वस्तू जगात नाही. चौदा वर्षांच्या पोराच्या लेखी ते मळकं फडकं आहे. वाद वाढतो. पोरगा म्हणतो, तू माझा बाप नसतास तर बरं. आणि हॅरी उलट म्हणतो की कधीकधी मलाही वाटतं, तू माझा मुलगा नसतास तर बरं.

कादंबरीत हे वाक्य आलं असतं तर त्याच्या आधी अर्धं पान हॅरीची घालमेल असती, नंतर एक पान पश्चात्ताप. वाक्य तेच राहिलं असतं, पण आपण हॅरीच्या बाजूला असतो. इथे वाक्य तोंडातून सुटतं, हवेत लटकतं, आणि आपण पोराच्या बाजूला उभे असतो. कंसातली सूचना काय सांगणार? काही क्षण शांतता. वाचताना तो क्षण डोळ्यांनी ओलांडायला पाव सेकंद लागतो. प्रॉम्प्टर म्हणून मला हे कळायला हवं होतं. विंगेत बसून मी कितीदा घाबरले आहे की नट वाक्य विसरला, आणि वाक्य पुरवायला तोंड उघडणार तोच लक्षात आलं की नाही, हा थांबलाय. वहीत तो थांबा दिसत नाही.

गंमत अशी की पुस्तकांनी आपल्याला याची सूचना आधीच दिली होती. पाचव्या पुस्तकात हॅरी शाळेतल्या स्नेप मास्तरांच्या आठवणीत डोकावतो आणि स्वतःच्या बापाला बाहेरून पाहतो. मनातला जेम्स पॉटर शूर, मरताना बायकामुलासाठी उभा राहिलेला. समोरचा जेम्स पंधरा वर्षांचा, मस्तवाल, एका एकट्या पोराला सगळ्यांसमोर उलटा टांगून हसणारा. हॅरीला ते पचत नाही, तो सैरभैर होतो. ‘कर्स्ड चाइल्ड’नं आपल्याशी तेच केलं. यावेळी आठवण अल्बसची आहे आणि वाकून बघणारे आपण.

आणखी एक उदाहरण मला सोडवत नाही. तो नकाशा. शाळेत कोण कुठे आहे ते पावलांच्या ठशांनी दाखवणारा. तिसऱ्या पुस्तकात रॉनचे जुळे भाऊ तो हॅरीला देतात. मालिकेतली ती माझी सगळ्यांत आवडती वस्तू होती. उनाडक्या करण्यासाठी उनाडांनी बनवलेला, मास्तरांना चुकवायचा नकाशा. या नाटकात हॅरी तो मुख्याध्यापिका मॅकगोनॅगल यांच्या हाती देतो आणि सांगतो, माझ्या मुलावर नजर ठेवा, तो त्या मॅलफॉयच्या पोराजवळ दिसता कामा नये. वर त्यांना ऐकवतो की तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार. पुस्तक वाचताना मी इथे संतापले होते. हॅरी असं वागेल? नकाशाची अशी विटंबना? २०२३ मध्ये नाटक पाहताना याच जागी मला माझ्या पर्समधला फोन आठवला. त्यात माझा मुलगा क्लासहून निघाला का, कुठल्या चौकात पोचला, हे एक निळा ठिपका मला सांगतो. ठिपकाच तो, फक्त पावलं उमटत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, बाई नाटकाची वकिली करायला आल्या आहेत. तर तसंही नाही. या संहितेत काही गोष्टी अशा आहेत की आमच्या संस्थेत वाचनाला आल्या असत्या तर पहिल्याच बैठकीत उडाल्या असत्या. मालिकेतल्या खलनायकाला, व्होल्डेमॉर्टला, मुलगी होती म्हणे, त्याची साथीदार बेलाट्रिक्स हिच्यापासून, डेल्फी तिचं नाव. ज्या माणसानं मरण चुकवायला स्वतःच्या आत्म्याचे तुकडे केले, ज्याला आपल्यानंतर कुणी असावं ही कल्पनाच सोसवणारी नव्हती, त्याला वारस? मला आजही पटत नाही. सेड्रिक डिगरीचंही तेच. पोरं काळात मागे जाऊन भर स्पर्धेत त्याची फजिती करतात, आणि एवढ्या एका अपमानापायी तो उमदा पोरगा दुष्टांच्या फौजेत सामील होतो. अपमानानं माणूस बिघडतो हे मान्य, पण सेड्रिक? आणि शाळेच्या गाडीत खाऊ विकणारी ती म्हातारी. तिच्या हातांची अणकुचीदार शस्त्रं होतात आणि ती भोपळ्याच्या करंज्या बॉम्बसारख्या फेकते. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवून पाणी प्यायले होते.

टाइम टर्नरचा नियमही मोडलाय. तिसऱ्या पुस्तकात काळात मागे जाऊन काही बदलता येत नाही, जे घडलं त्यात तुमचं मागे येणंही आधीच धरलेलं असतं. तळ्याकाठी हॅरीला वाचवणारी ती जादू काळात मागे आलेल्या हॅरीनंच केलेली असते. किती सुंदर गाठ होती ती! नाटकात मात्र प्रत्येक फेरीगणिक नवं जग तयार होतं. पहिल्या फेरीनंतर परत आल्यावर कळतं की रॉन-हर्मायनीचं लग्नच झालेलं नाही, कारण त्या जुन्या नाचाच्या रात्री रॉनला मत्सर वाटायचा राहून गेला. त्याची बायको आहे पद्मा पाटील आणि मुलाचं नाव पंजू. वाचताना एवढ्या रागातही मी मोठ्यानं हसले. पाटलांच्या मुली या मालिकेत पहिल्यापासून आहेत, पार्वती आणि पद्मा जुळ्या बहिणी, आणि मराठी वाचकानं त्यांना न विचारता आपल्याकडचं मानलंय. त्यांचं गाव पुस्तकात कुठे सांगितलेलं नाही, त्यामुळे सांगली की जळगाव यावर आमच्या हॉस्टेलात वाद झाले आहेत. पण पंजू? कुठल्या पाटलांच्या बारशात हे नाव कुणाच्या आत्यानं कानात सांगितलं असेल, ते मला अजून उलगडलेलं नाही.

दुसऱ्या फेरीनंतरचं जग काळंकुट्ट. हॅरी मेलेला, म्हणून अल्बस जन्मलेलाच नाही. राज्य व्होल्डेमॉर्टचं, शाळा त्या जुलमी अंब्रिजबाईंच्या ताब्यात. त्या जगात स्कॉर्पियस एकटा येऊन पडतो आणि तिथे जिवंत असलेल्या स्नेपला सगळं समजावून सांगतो. स्कॉर्पियस हे या नाटकाचं खरं देणं आहे. बडबड्या, पुस्तकी, स्वतःवर हसणारा, आई गेलेला, आणि ‘हा व्होल्डेमॉर्टचाच पोर’ अशी अफवा जन्मभर अंगावर वागवणारा पोरगा. अँथनी बॉइल या नटानं पहिल्या संचात तो केला आणि त्याला ऑलिव्हिए पारितोषिक मिळालं. नाटकाला एकूण नऊ मिळाली २०१७ मध्ये, पुढच्या वर्षी न्यू यॉर्कला सहा टोनी. बक्षिसांचं एवढंच.

२०२३ च्या मे महिन्यात माझ्या नणंदेकडे लंडनमध्ये हाउन्स्लोला गेलो होतो. माझा मुलगा तेरा वर्षांचा. त्यानं पुस्तकं वाचलेली नाहीत, सिनेमे पाहिलेत, तेही अर्धे मोबाइलवर. मी २३ वर्षांची असताना सातव्या पुस्तकासाठी पहाटे रांगेत उभी होते, हे त्याला मी पानिपतावर होते म्हटल्यासारखं वाटतं. नणंदेनं आग्रह केला, वन्सं म्हणाल्या, “वहिनी, इतक्या लांब आलाच आहात तर बघूनच जा.” तेव्हा तिथे दर शुक्रवारी पुढच्या आठवड्यातल्या प्रत्येक प्रयोगाची चाळीस तिकिटं चाळीस पौंडांत द्यायचे, दोन्ही भाग मिळून. ती काही आमच्या नशिबी आली नाहीत. सगळ्यांत वरच्या बाल्कनीतली घेतली.

पिकॅडिली लाइननं कॉव्हेंट गार्डनला उतरलो. ते स्टेशन खोल आहे, सगळे लिफ्टनं वर जातात. मी १९३ पायऱ्यांचा गोल जिना चढून गेले. लेकाला म्हटलं, तू जा लिफ्टनं, मला व्यायाम हवाय. वर पोचले तेव्हा तो दहा मिनिटं थांबून कंटाळला होता.

पॅलेस थिएटर हे १८९१ चं, ऑपेरासाठी बांधलेलं, केंब्रिज सर्कसच्या चौकात लाल विटांचं उभं आहे. नाटक दोन भागांचं. दुपारी पहिला भाग, संध्याकाळी दुसरा, मिळून पाच तासांवर. तिकडे याचं फार कौतुक झालं, एवढं लांब! ज्यांच्या पणजोबांनी रात्रभर संगीत नाटकं ऐकून पहाटे भैरवीला डोळे पुसले, आणि ज्यांनी एलकुंचवारांची वाडा चिरेबंदीची त्रिनाट्यधारा एका बैठकीत पाहिली, त्यांना पाच तासांचं काय मोठंसं? वाड्याची आठवण आणखी एका कारणानं येते. तिथेही काही वर्षांनी आपण त्याच घरात परततो आणि काल पोरं होती ती आज मोठी झालेली दिसतात. पण एलकुंचवारांनी पहिला भागही नाटकच लिहिला होता, प्रेक्षकाची खुर्ची त्यांनी हलवली नाही.

मला धाकधूक होती ती जादूची. आमच्याकडे सिंधुदुर्गात दशावताराच्या बोर्डावर ‘ट्रिकसीनयुक्त’ असं मोठ्या अक्षरांत लिहितात, आणि लोक त्यासाठीही येतात. मला वाटलं, हेही तेच, फक्त पौंडांत. पण जेमी हॅरिसन या जादूगारानं आणि टिफनींनी एक शहाणपण केलंय. जादू सगळी नाटकाच्याच साहित्यातून काढली आहे. सुटकेसा, झगे, चाकांवरचे दोन जिने, धूर, अंधार. झगा एकदा फडकतो आणि खालची सुटकेस नाहीशी. नट झग्याच्या एका गिरकीत नेपथ्य बदलून जातात. टाइम टर्नर फिरतो तेव्हा सबंध रंगमंच, भिंती, कमानी, पाण्यात दिसणाऱ्या प्रतिबिंबासारख्या थरथरतात. क्षणभरच, पण बाल्कनीचा कठडा मी पकडला. सुरुवातीला त्यांनी खरी घुबडंही आणली होती. ७ जून २०१६ ला पहिल्याच पूर्वप्रयोगात एक घुबड उडून प्रेक्षागृहात फिरायला लागलं, तेव्हापासून घुबडांना रजा दिली. रंगमंचावर जनावर आणि लहान मूल आणू नये हे आमचे दिग्दर्शक सांगतात, ते तिकडेही खरं.

पण मी सपशेल हरले ती जिन्यांच्या दृश्याला. हॅरीच्या हुकमामुळे अल्बस आणि स्कॉर्पियस यांना एकमेकांना टाळावं लागतंय. संहितेत हा प्रवेश जेमतेम काही ओळींचा, संवाद एकही नाही. वाचताना मी तो पाहिलाही नव्हता. प्रयोगात दोन मोठे लाकडी जिने फिरत राहतात, एकावर एक पोरगा, दुसऱ्यावर दुसरा. जिने जवळ येतात, दोघं बघतात, वाटतं आता बोलतील, आणि जिना वळतो. मागे इमोजेन हीप यांचं संगीत. बस्स. एक शब्द नाही. हॉगवॉर्ट्स शाळेचे हलते जिने पहिल्या पुस्तकापासून आपल्याला ठाऊक आहेत, गंमत म्हणून. त्यांच्यात इतकं दुःख लपलं असेल असं वाटलं नव्हतं. माझ्या शेजारी लेक पुढे वाकून बसला होता. त्याचा जवळचा मित्र मागच्या वर्षी शाळा बदलून गेला, ते मला तेव्हा आठवलं. त्यानं घरी कधी विषय काढला नव्हता, मी विचारलं नव्हतं.

हर्मायनीबद्दल एक वाक्य. पहिल्या संचात ती भूमिका नोमा दुमेझ्वेनी यांनी केली, त्या कृष्णवर्णीय आहेत म्हणून समाजमाध्यमांवर किती गदारोळ झाला होता! रोलिंग यांनी तेव्हा स्पष्ट केलं की तपकिरी डोळे, कुरळे केस आणि हुशारी एवढंच त्यांनी लिहिलं होतं, गोरी कातडी ठरवून लिहिलेली नव्हती. प्रयोगात पाच मिनिटांनंतर हा प्रश्न उरत नाही. हादेखील डोक्याच्या आतबाहेरचाच मामला आहे. हर्मायनी गोरी होती ती आपल्या डोक्यात, आणि नंतर सिनेमाच्या.

दोन भागांच्या मध्ये अडीच तास मिळाले. सोहो स्क्वेअरच्या बाकावर बसून आम्ही वन्संनी डब्यात दिलेली धपाटी खाल्ली. मी विचारलं, कसं वाटतंय? लेक म्हणाला, “भारी आहे. पण आई, हा हॅरी किती वैतागलेला असतो गं. सारखा सगळ्यांना सांगत असतो, मी तुमच्या भल्यासाठीच करतोय.” मग धपाट्याचा तुकडा मोडत म्हणाला, “बाबासारखा.” ‘तुझ्यासारखा’ म्हणाला नाही, हा त्याचा मोठेपणा.

न्यू यॉर्कला नोव्हेंबर २०२१ मध्ये हे नाटक एका भागात बसवलं, तेव्हा साधारण साडेतीन तासांत. मी ते पाहिलेलं नाही. धंद्याचं गणित मला कळतं, करोनानंतर दोन-दोन तिकिटं कोण काढणार? पण दोन भागांच्या मधला तो बाकावरचा अडीच तासांचा वेळ त्यात गेला, याचं मला वाईट वाटतं.

शेवटचा अंक गॉड्रिक्स हॉलोमधला, म्हणजे हॅरीच्या आईबापांच्या गावातला, १९८१ सालचा. डेल्फी बापाला वाचवायला काळात मागे गेली आहे, तिनं पोरांनाही ओढून नेलंय आणि टाइम टर्नर मोडलाय. आता परतायचं कसं? बापाला निरोप कसा पाठवायचा? पोरांना ते दुपटं आठवतं. बाळ हॅरीचं दुपटं इथे, या वर्षात, नवंकोरं आहे, आणि चाळीस वर्षांनी ते हॅरीच्या हातात असणार आहे. भांडणाच्या रात्री त्यावर एक औषध सांडलं होतं. त्या औषधाशी संयोग झाला की दिसेल अशा द्रवानं ते दुपट्यावर मजकूर लिहितात. इथे, अखेर, तिसऱ्या पुस्तकातली ती सुंदर गाठ परत येते. फेकून दिलेलं दुपटंच पत्र होतं. एवढ्या एका जागेसाठी मी त्या भोपळ्याच्या करंज्या माफ केल्या.

मग आईबापांच्या खुनाची रात्र. हॅरी तिथे आहे, मोठा, हातात छडी. त्याला ते थांबवता येईल. तो थांबवत नाही, कारण त्या मरणावरच पुढचं सगळं जग उभं आहे. तो उभा राहून ऐकतो. पण यावेळी एकटा नाही, बायको, मित्र, मुलगा, जुना वैरी ड्रॅको, सगळे भोवती. तिसऱ्या पुस्तकापासून आपण ती किंचाळी हॅरीच्या डोक्यात, डिमेंटर नावाचे ते आनंद शोषून घेणारे प्राणी जवळ आले की, ऐकत आलो होतो. पॅलेस थिएटरात ती चौदाशे माणसांनी एकदम बाहेर ऐकली.

आणि अगदी शेवटी, टेकडीवरच्या दफनभूमीत, सेड्रिकच्या थडग्यापाशी बाप-लेक बोलतात. हॅरी कबूल करतो की त्याला अंधाराची भीती वाटते, अरुंद जागांची वाटते, आणि कबुतरांची. कबुतरांची! थिएटरात हशा पिकला. सात पुस्तकांत, त्याच्या डोक्यात राहूनही, हे आपल्याला कधी कळलं नव्हतं. बापालाच सांगावं लागलं, आणि तेही मुलानं त्याच्याकडे सरळ बघितल्यावर.

रात्री दहा वाजून गेले होते. आम्ही चॅरिंग क्रॉस रोडनं चालत निघालो. लेक बराच वेळ गप्प होता. ट्रफाल्गर चौक दिसू लागला तसा म्हणाला, “आई, तुला कशाची भीती वाटते?”

मी म्हटलं, मला? मला कशाची... पालीची वाटते थोडी.

“लिफ्टची वाटते,” तो म्हणाला. “मला माहितीये. आपल्या सोसायटीतपण तू सहा मजले चढतेस आणि वर आल्यावर व्यायाम झाला म्हणतेस.”

मी म्हटलं, कधीपासून माहितीये?

“लहानपणापासून,” तो म्हणाला, आणि सिग्नल लागला म्हणून माझा हात धरून रस्ता ओलांडू लागला.